आठ महिन्यांच्या लेकीसाठी कन्व्हर्टिबल कार सीट : काय बघून घ्यावी?

रानजाई

नमस्कार मंडळी. लेक आठ महिन्यांची आहे. जन्मल्यापासून हँडल धरून उचलून न्यायची छोटी सीट वापरतोय, पण आता तिचं डोकं सीटच्या वरच्या काठाला टेकायला आलंय. म्हणून कन्व्हर्टिबल घ्यायची आहे, म्हणजे आधी मागे तोंड करून आणि मोठी झाली की पुढे तोंड करून लावता येते ती.

आम्ही मुलुंडला राहतो. गाडी हॅचबॅक, २०२१ ची, मागे आयसोफिक्स आहे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायची सोय. रोजचं जाणं-येणं जवळचंच, पाळणाघर आणि भांडुपला माहेर. पण पुण्याला वरचेवर जावं लागतं आणि गणपतीत चिपळूण ठरलेलं. त्यामुळे तासन् तास तिला त्यात बसायचंय, नुसती सुरक्षित असून भागणार नाही. आत्ताच्या सीटमध्ये पाठ घामाने भिजते. झोप लागली की मान पुढे पडते आणि माझा जीव वर-खाली होतो.

दुकानात ०-१८ किलोची, ०-३६ किलोची आणि गोल फिरणारी ३६० अशा सगळ्या दाखवल्या. बजेट पंधरा हजार धरलंय, खरंच गरज असेल तर वाढवू. आणखी एक म्हणजे घरी सासूबाईंचं म्हणणं, 'मांडीवर घेऊन बसलं की झालं, एवढ्याशा जिवाला पट्ट्यांनी कशाला बांधता?' त्यांची माया मला कळते, म्हणून वाद नकोय. त्यांना पटेल असं काही असेल तर तेही सांगा.

पारलेकर

वाचतोय. आमच्याकडे डिसेंबरात बाळ येणार आहे, त्यामुळे हा धागा अगदी वेळेवर आला.

तिखटमीठ

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. मुंबईत गाडी चालते तरी कितीच्या वेगाने? घाटकोपर ते सायन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो आपण. आम्ही दोन्ही मुलं मांडीवरच वाढवली. पुण्याला ट्रेनने जा, डेक्कन क्वीन आहेच. वीस-पंचवीस हजार घालायचे आणि लेकरू त्यात रडत बसणार. त्यापेक्षा ते पैसे तिच्या नावाने ठेवा.

अवकाश

तिखटमीठ, डेक्कन क्वीनला अनुमोदन. बाकीचं मात्र पटलं नाही. हिशेब मांडतो.

ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समोर आदळून गाडी सेकंदाच्या विसाव्या भागात थांबली असं धरा. तेवढ्या वेळात बाळालाही थांबवायचं, तर त्याच्या वजनाच्या अठ्ठावीसपट जोर लागतो. आठ किलोच्या लेकीसाठी सव्वादोनशे किलोच्या आसपास. वेग ३० धरला आणि थांबायला तेवढाच वेळ लागला, तरी सव्वाशे किलोच्या वर. हे ओझं आईच्या दोन हातांनी, पूर्वसूचना नसताना धरून ठेवायचं. जगातल्या कुठल्याही आईला ते जमणार नाही, तिची माया कितीही असो. आणि आईनेच पट्टा लावलेला नसेल तर तिचं पूर्ण वजन बाळावर येतं.

शिवाय मुंबईत वेग नसतो हे दुपारचं झालं. रात्री अकरानंतर ईस्टर्न एक्सप्रेस हायवे बघा. अटल सेतूवर १०० ची मुभा आहे, कोस्टल रोडच्या सरळ भागात ८० ची.

वसईवाला

कायद्याचंही सांगतो. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात १९४ ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. मागच्या सीटवर पट्टा लावायचा असतो हे आपल्याकडे कुणी मनावरच घेत नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ हायवेवर उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, त्यात ते मागे बसले होते आणि पट्टा नव्हता. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा केला. मी वसईहून त्याच हायवेने रोज येतो. तेव्हापासून माझ्या गाडीत मागचे पट्टे लागल्याशिवाय गाडी हलत नाही.

गिरगावची_आजी

रानजाई बाळा, तुझ्या सासूबाईंसाठी मी लिहिते. माझं वय त्र्याहत्तर.

आम्हीही तुझ्या नवऱ्याच्या वयाची मुलं मांडीवर नेली. पण तेव्हा गाड्या किती होत्या आणि रस्ते कसे होते! पाळण्यातलं मूल उलटायला लागलं की आपण दुपट्याने बांधतोच ना? ते कुणाला क्रूर वाटत नाही. नातू झाला तेव्हा मुलाने सीट आणली, मलाही आधी बघवत नव्हतं. मग सूनबाई म्हणाली, 'आई, तुम्ही त्याच्या शेजारी बसा.' झालं! माझा हात त्याच्या हातात, तो सीटमध्ये, मी पट्ट्यात. शिवडीपासून पनवेलपर्यंत बडबडगीतं म्हणत गेलो. मांडीवर असता तर सारखा खिडकीकडे झेपावला असता आणि माझे गुडघे गेले असते ते वेगळंच.

सासूबाईंना शेजारची जागा दे. सीट आली म्हणून आपलं कामच संपलं असं त्यांना वाटू देऊ नकोस.

रानजाई

आजी, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजच वाचून दाखवते त्यांना.

निशिगंध

मी मुलांच्या वॉर्डात काम करते, त्या बाजूने लिहिते.

तान्ह्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने खूप मोठं आणि जड असतं. जन्मतः एकूण लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा डोकंच. मानेच्या मणक्यांचा बराच भाग अजून कूर्चा असतो, हाड झालेलं नसतं, आणि त्यांना बांधून ठेवणारे बंध सैल असतात. पुढे तोंड करून बसवलेलं असताना धडक बसली तर धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. सगळा ताण मानेवर. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ तिन्ही एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात आणि जोर सगळीकडे वाटला जातो.

म्हणून वर्षाचा वाढदिवस झाला की सीट पुढे फिरवायची, ही घाई करू नका. युरोपच्या चाइल्ड सीटसाठीच्या आर १२९ नियमानुसार पंधरा महिन्यांच्या आत पुढे तोंड करता येतच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ पासून वयाची अट काढून टाकली, सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागेच ठेवा म्हणतात. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत मुलं सर्रास मागे तोंड करून बसतात.

'पाय आखडतात' हे हमखास ऐकायला मिळेल. मुलं मांडी घालतात, पाय सीटच्या पाठीवर टेकवतात, मजेत असतात.

मान पुढे पडते त्याबद्दल, रानजाई, हे हलक्यात घेऊ नकोस. हनुवटी छातीला टेकली तर लहान बाळाचा श्वास अडू शकतो. अगदी तान्ह्यासाठी सीट साधारण ४५ अंश मागे कललेली हवी, मान धरायला लागली की थोडी उभी चालते. बहुतेक सीटच्या बाजूला एक रेघ किंवा बुडबुड्याची खूण असते, ती जमिनीला समांतर यायला हवी. आणि ती सपाट रस्त्यावर बघायची, पार्किंगच्या उतारावर नाही.

घाटवाट

निशिगंध यांनी का ते सांगितलं, मी कसं ते सांगतो. मित्रमंडळींच्या गाड्यांत सीट बसवून द्यायचं काम माझ्याकडेच असतं.

कुठली सीट चांगली, याआधी कुठली सीट तुमच्या गाडीत नीट बसते ते बघा. आपल्या हॅचबॅकची मागची सीट बरीचशी मागे उतरती असते. त्यावर मागे तोंडवाली सीट ठेवली की ती उभी राहते आणि मान पडते. उलट फार कललेली सीट घेतली तर पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला. त्यामुळे दुकानदाराला सांगा, खाली गाडी उभी आहे, लावून बघतो आणि मग पैसे देतो. दादर-ठाण्याकडे बरेच दुकानदार नाही म्हणत नाहीत. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत आधी वाचा.

जागा मागची डावी. एक तर उतरवताना फुटपाथच्या बाजूला उतरवता येतं. दुसरं, चालवणाऱ्याची सीट पुढे सरकवता येत नाही, शेजारची सरकते. पुढच्या सीटवर मागे तोंड करून बाळ कधीही नको, आता सगळ्या नव्या गाड्यांना तिथे एअरबॅग असते आणि ती उघडली तर सीटच्या पाठीवर, म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

आयसोफिक्सचे दोन हुक आत गेले की 'टक्' असा आवाज येतो आणि दोन्हीकडची खूण हिरवी होते. एकीकडचीच हिरवी झाली तर काढून परत. पण दोन हुकांवर काम संपत नाही, सीट पुढे कोलमडू नये म्हणून तिसरा आधार लागतो. तो एक तर सपोर्ट लेग असतो, जमिनीवर टेकणारा पाय, नाहीतर टॉप टेदर, मागून वर घट्ट करायचा पट्टा. काही गाड्यांत मागच्या माणसाच्या पायाखाली सामानाचा झाकणवाला कप्पा असतो, त्यावर सपोर्ट लेग टेकवायचा नाही, झाकण पिचतं. टेदरही सामान बांधायच्या हुकाला अडकवलेला मी दोन गाड्यांत पाहिला. खऱ्या जागी नांगराचं चिन्ह असतं किंवा गाडीच्या पुस्तकात चित्र असतं. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यातून काढा, कुठल्या सीटवर कुठली चाइल्ड सीट चालते त्याचा तक्ता त्यात असतो.

बसवून झाली की जिथे पट्टा किंवा हुक धरतो तिथे हाताने हलवून बघा. इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. वरच्या टोकाला थोडी हलली तर घाबरू नका.

मग बाळाचे पट्टे. मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघालेले हवेत. पुढे तोंड केल्यावर खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून. ओढून घट्ट केल्यावर खांद्याजवळ पट्टा उभा चिमटीत धरून बघायचा. चिमटीत घडी आली तर सैल आहे, अजून ओढा.

तिखटमीठ

अवकाशच्या आकड्यांनी झोप उडवली. ठीक आहे, हायवेचं पटलं. पण मला एक सांगा, रिक्षा-टॅक्सीचं काय? मुलुंडहून भांडुपला जाताना अर्ध्या वेळा रिक्षाच मिळते. तिथे ही सीट काय डोक्यावर घेऊन जायची? बाईकवर तर चौघं बसलेली रोज दिसतात.

वसईवाला

रास्त प्रश्न. रिक्षात कुठलीच सीट लागत नाही, तिथे जवळचं अंतर, आतल्या बाजूला बसणं आणि बाळाला अंगाशी कॅरिअरमध्ये घट्ट धरणं, एवढंच हातात आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मागचे पट्टे असतात, पण बकल सीट कव्हरखाली गाडलेली असतात. मी सरळ सांगतो, 'दादा, बकल वर काढून द्या.' बहुतेक जण हसत हसत काढून देतात. तुमची उचलून न्यायची छोटी सीट गाडीच्या पट्ट्याने बांधता येत असेल, तर तिची मर्यादा संपेपर्यंत अॅपच्या टॅक्सीत ती चालते. कन्व्हर्टिबल मात्र गाडीतच राहते, ती उचलून फिरायची वस्तू नाही.

बाईकसाठी नियम आहे. फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेस, नऊ महिन्यांच्या पुढे डोक्याला बसेल असं हेल्मेट आणि वेग ४० च्या आत. किती जण पाळतात ते आपण बघतोच, वाईट वाटतं.

चिमणपाखरू

विषय परत सीटवर आणते.

उकाड्याचं मी सांगते, माझा मुलगा घामोळ्यांचं माहेरघर आहे. बऱ्याच हॅचबॅकना मागे एसीचे झरोके नसतात, त्यात मागे तोंडवाल्या सीटची पाठ पुढून येणारी हवा अडवते. त्यामुळे कापड बघून घ्या. नुसता स्पंज आणि वर चकचकीत नायलॉन असं नको. जाळीदार, सुती हाताला लागणारं आणि सहज काढून धुता येणारं कव्हर हवं. काळा रंग टाळा. गाडी उन्हात उभी असेल तर सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवते, बसवायच्या आधी बकलच्या धातूला हात लावून बघते. मे महिन्यात ते भाजतं. गाडी पाच मिनिटं एसी लावून गार करायची आणि मगच बाळ आत. खिडकीला जाळीचा पडदा. आणि बाळाला बंद गाडीत 'दोन मिनिटांसाठी' सुद्धा सोडायचं नाही, मुंबईच्या उन्हात आतलं तापमान बघता बघता वर जातं.

बाहेर सुट्या मिळणाऱ्या जाड गाद्या, मानेच्या उश्या विकत घेऊन आत कोंबू नका. सीटसोबत आलेली असेल तेवढीच. धडकेत जाड गादी दबते आणि पट्टा तेवढाच सैल होतो. महाबळेश्वरला जाताना जाडजूड जॅकेट घालून पट्टे लावायचे नाहीत, तेही त्याच कारणाने. पट्टे लावा आणि वरून शाल पांघरा.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर बंद राहिली की कव्हरवर बुरशी धरते. उघडीप मिळाली की कव्हर काढून वाळवा. पट्टे मात्र पावडरमध्ये भिजत घालू नका, ओल्या फडक्याने पुसायचे. कडक साबण-पावडरने त्यांच्या विणीची ताकद कमी होऊ शकते.

रडण्याबद्दल: पहिले काही दिवस रडतात. घरातच सीट जमिनीवर ठेवून त्यात बसवून खेळवलं, मग गाडीत ठेवून बंद गाडीतच गोष्ट सांगितली. सीटची ओळख झाल्यावर रडणं आपोआप कमी झालं. एकदा रडते म्हणून मांडीवर घेतलं की पुढच्या वेळी दुप्पट रडते, एवढं ध्यानात ठेवा.

कोकणी_गडी

चिपळूणवाल्यांना खास. पहाटे निघा, पेण-वडखळ ओलांडून नाश्ता करा. दर दोन तासांनी बाळाला सीटमधून बाहेर काढून पाठ मोकळी करायची, तान्हं असेल तर त्याहून लवकर. पोहोचल्यावर झोपलेलं बाळ सीटसकट घरात नेऊन तसंच झोपवायचं नाही, सपाट अंथरुणावर ठेवा.

घाटातल्या वळणांत उलटी होणार, धरून चाला. म्हणून कव्हर किती लवकर निघतं हे दुकानातच स्वतः काढून बघा. आमच्या सीटचं कव्हर काढायला सगळे पट्टे सोडवावे लागायचे, माणगावच्या पेट्रोल पंपावर तासभर गेला. बकलच्या फटीत गेलेला सुका भात काढायला जुना टूथब्रश गाडीत ठेवा. पोहोचलात की आमच्याकडे आंबोळ्या खायला या.

जुनाजाणता

बजेटचा प्रश्न कुणी घेतला नाही. बाजारात सात-आठ हजारांपासून तीस हजारांच्या वर सीट आहेत. लवलॅप, आर फॉर रॅबिट यांच्यापासून चिको, जोईपर्यंत. महाग म्हणजे सुरक्षित आणि स्वस्त म्हणजे धोकादायक असं सरसकट नाही. लेबल बघा. युरोपच्या आर ४४ किंवा आर १२९ ची मान्यता असेल तर वर्तुळात 'ई' अक्षर आणि त्यापुढे देशाचा आकडा असतो. आपल्याकडचं मानक एआयएस ०७२. जिच्यावर काहीच नाही, नुसतं 'सेफ्टी टेस्टेड' छापलंय, ती फुकट मिळाली तरी नको.

आर ४४ जुनं, वजनावर चालणारं. आर १२९ नवीन, उंचीवर चालतं आणि त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी असते. युरोपात सप्टेंबर २०२४ पासून आर ४४ च्या नव्या सीट विकणं बंद झालंय. आपल्याकडे दोन्ही मिळतात. परवडत असेल तर आर १२९ घ्या. नसेल परवडत, तर नीट बसवलेली आर ४४ सुद्धा मांडीपेक्षा कितीतरी पटींनी बरी.

ओळखीच्यांकडून जुनी घ्यायला हरकत नाही, पण तीन गोष्टी खात्रीने माहीत हव्यात: अपघातात सापडलेली नाही, तळाशी छापलेली मुदत संपलेली नाही आणि सगळे भाग, पुस्तकासकट, जागेवर आहेत. अनोळखी माणसाकडून ऑनलाइन घेऊ नका. प्लास्टिकला गेलेला बारीक तडा कव्हरखाली दिसत नाही.

घाटवाट

जुनाजाणता, +१. त्यात ०-१८ की ०-३६ हेही घ्या.

०-३६ किलो म्हणजे जन्मापासून बाराव्या वर्षापर्यंत एकच सीट, ऐकायला छान. पण तिची आतली जागा सगळ्या वयांसाठी असल्यामुळे तान्ह्याला मोठी पडते आणि सात वर्षांच्या मुलाला खांद्यात अरुंद. शिवाय दहा वर्षं मुंबईच्या उन्हात ते प्लास्टिक टिकवायचं. माझं मत ०-१८ किलो किंवा ४० ते १०५ सेंटीमीटरची घ्या, ती चार वर्षांपर्यंत जाते. मग उंच पाठीचा बूस्टर, म्हणजे मुलाला उंचावर बसवून गाडीचाच पट्टा लावता येतो ती सीट.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र बॉक्सवर मोठ्या अक्षरात नसतो: मागे तोंड करून किती किलोपर्यंत? काही सीट ०-१८ म्हणवतात, पण त्यातले १३ किलोपर्यंतच मागे तोंड, पुढचे पाच किलो फक्त पुढे. काहींना मागे तोंड १८ किलोपर्यंत चालतं. रानजाई, तुम्हाला दुसरी हवी.

निशिगंध

घाटवाटच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून: आपल्याकडच्या बऱ्याच मुली तीन वर्षांच्या आसपास १३ किलोला पोहोचतात. म्हणजे १३ ची मर्यादा अगदीच तोकडी नाही. पण उंची आधी संपते. मागे तोंड असताना डोकं सीटच्या वरच्या काठाच्या निदान इंचभर खाली राहिलं पाहिजे.

चिमणपाखरू

घाटवाट, ०-३६ बद्दल थोडी असहमत. सगळ्यांना दोनदा खर्च परवडत नाही. माझ्या बहिणीकडे तीच आहे. भाचा चारचा झाला, छान बसतो, आणि पुढे बूस्टर घ्यायचाच राहून गेला असं तिच्या घरी होणार नाही. चार वर्षांनंतर सीट काढून टाकणारी घरं जास्त बघितली आहेत मी.

घाटवाट

हा मुद्दा मान्य. बूस्टर राहून जाण्यापेक्षा ०-३६ शंभर वेळा बरी. फक्त ती घेताना मुलाला प्रत्यक्ष बसवून खांदे बघा.

तिखटमीठ

आणि ती गोल फिरणारी? बायकोला फार आवडली आहे. हो, भाचीसाठी बघायला गेलो होतो, हसू नका.

अवकाश

कुणी हसत नाहीये, उलट आनंद झाला!

३६० चा फायदा खरा आहे, कंबरदुखी असेल किंवा आजी-आजोबा बसवणार असतील तर दाराकडे वळवून समोरून पट्टे लावता येतात. पट्टे नीट लागण्याची शक्यता त्यामुळे वाढते. पण दोन गोष्टी. एक, दार पूर्ण उघडलं तरच फिरवायचा उपयोग. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधून माणूस आडवा होऊन जातो, तिथे ती फिरतच नाही, गाडी बाहेर काढल्यावरच बाळाला बसवावं लागतं. दोन, वजन. आर १२९ च्या नियमात आयसोफिक्सच्या हुकांवर सीट आणि मूल मिळून ३३ किलोची मर्यादा आहे. सीटच १५ किलोची असेल तर मुलासाठी १८ उरतात. आणि एकदा पुढे फिरवता येते म्हटल्यावर रडलं की फिरवायचा मोह होतो, तो आवरायला हवा.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार. शनिवारी ठाण्याला जाऊन आलो. घाटवाट यांनी सांगितल्याप्रमाणे गाडीत लावूनच बघितल्या.

३६० लावली तर ह्यांच्या शेजारची सीट इतकी पुढे घ्यावी लागत होती की माझे गुडघे टेकले. दुसरी एक छान होती, पण आमच्या मागच्या सीटच्या उतारामुळे रेघ काही केल्या समांतर येईना. तिसरी ४० ते १०५ सेंटीमीटरची, आर १२९ वाली, मागे तोंड १८ किलोपर्यंत चालणारी, सपोर्ट लेगची. पायाखाली कप्पा नाही हे तपासलं. कव्हर मी स्वतः काढून परत घातलं, पट्टे सोडवावे लागले नाहीत. बजेटच्या वर गेली, पण घेतली.

सासूबाई बरोबर होत्या. गिरगावच्या आजींचा प्रतिसाद त्यांनी आधीच दोनदा वाचून घेतला होता. दुकानदाराला त्यांनीच विचारलं, 'मागे तोंड किती किलोपर्यंत?' आता मागची उजवी जागा त्यांची, पट्टा लावून. कालच्या पनवेल फेरीत लेक घामेजली, पण पूर्वीइतकी नाही, आणि मान एकदाही पडली नाही.

एकच राहिलं. पट्टे चिमटीत येत नाहीत इतके ओढले तर तिच्या मांड्यांवर वळ दिसतात. हे चालतं?

निशिगंध

अभिनंदन! फिकट रेघ उमटून थोड्या वेळात गेली तर चालतं. लाल राहिली तर उघड्या मांडीऐवजी पातळ सुती पायजमा घाल. डायपर फार जाड झाला असेल तर तोही बदल, पायांमधला पट्टा त्याने वर चढतो. सीटला त्या पट्ट्यासाठी दोन खाचा असतील, तर तिच्या वजनाला कुठली ते पुस्तकात बघ. खांद्याचे पट्टे ओढायच्या आधी कमरेचे बसवून घ्यायचे, म्हणजे ते पोटावर न येता मांडीच्या जांघेत बसतात.

पारलेकर

माझा प्रश्न: दवाखान्यातून घरी आणताना, पहिल्याच दिवशी, थेट कन्व्हर्टिबलमध्ये चालेल का? की छोटी सीट वेगळी घ्यावी?

निशिगंध

चालते, अटी बघून. ४० सेंटीमीटरपासून किंवा जन्मापासून मान्यता हवी, तान्ह्यासाठीची आतली गादी सीटसोबत आलेली हवी, आणि सगळ्यात खालचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या वर जाता कामा नयेत. बाळ वेळेआधी आलं किंवा वजन कमी असेल तर घरी सोडायच्या आधी डॉक्टरांना विचारा, अशा बाळांना कललेल्या सीटमध्ये श्वासाचा त्रास होऊ शकतो.

घाटवाट

आणि नोव्हेंबरातच बसवून ठेवा. पारल्यात असाल तर एखाद्या रविवारी मी येतो, माझं सासर तिथेच आहे. एखादी बाहुली घेऊन या, पट्टे लावायचा सराव तुम्ही दोघांनीही करायचा.

पारलेकर

नक्की! व्यक्तिगत निरोप करतो. बाहुली पुतणीकडून मागून घेतो.